हाक कोणाची, ओ कोणाची? : वऱ्हाडातील मिशन आणि दुष्काळातली मुले

१

हाक आणि ओ हे दोन शब्द आपल्या समाजाला नवे नाहीत. चावडीवरून पाटलाची हाक यायची आणि महाराने हातातला घास टाकून 'जी मायबाप' म्हणत धावायचे, हीच आमच्या बापजाद्यांची रीत होती. हाक रात्री आली काय आणि भर पावसात आली काय, ओ देणे हा बलुत्याचा धर्म होता. त्या हाकेत नाव क्वचितच असे. बहुधा जातच असे. 'ए महारा' एवढे पुरे. हाक मारणारा एक आणि ओ देणारी एक अख्खी जात, अशी ही व्यवस्था होती.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच वऱ्हाडात दुसरी एक हाक येऊन पोचली. तिचा उगम सातासमुद्रापार, अमेरिकेतल्या ख्रिस्ती मंडळ्यांत होता. 'देवाने आम्हाला हाक दिली आणि आम्ही ओ दिली' असे म्हणत काही तरुण गोरी माणसे अकोला, खामगाव, बुलढाणा, मलकापूर या भागात आली. मिशनचा इतिहास लिहिणाऱ्यांनी ही गोष्ट श्रद्धेने लिहिली आहे. मिशनच्या विरोधकांनी ती संशयाने लिहिली आहे. पण दोघांच्याही लेखनात हाक येते ती गोऱ्या माणसाला, आणि ओ देतो तोही गोरा माणूसच. ज्या मुलांना उचलून, खाऊ घालून, शिकवून हे सेवाकार्य उभे राहिले, ती मुले या लेखनात केवळ संख्या म्हणून येतात. त्यांनी कोणाला ओ दिली? त्यांना हाक तरी आली होती काय? प्रस्तुत लेखात बुलढाणा जिल्ह्याच्या परिसरापुरता हा प्रश्न मांडण्याचा विचार आहे. तो आपल्या चळवळीला अगदी परका नाही, हेही शेवटी दाखवता येईल.

२

आधी थोडी पार्श्वभूमी. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. १८६७ पर्यंत मुंबईकडून निघालेली आगगाडी मलकापूर, शेगाव, अकोला करीत नागपूरला पोचली. १८७० मध्ये जलंब ते खामगाव हा फाटा सुरू झाला आणि व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावला आला. एका तालुक्याच्या गावी व्हाइसरॉय येतो तो कशासाठी? कापसासाठी. वऱ्हाडची काळी जमीन लँकेशायरच्या गिरण्यांना जोडली गेली होती. खामगावचा कापूस बाजार नावारूपाला आला. (खामगाव व जळगाव हे तालुके तेव्हा अकोला जिल्ह्यात होते, १९०५ मध्ये ते बुलढाण्याला जोडले गेले.)

या मार्गाने कापूस गेला आणि याच मार्गाने मिशन आले. वऱ्हाडात प्रामुख्याने काम केले ते 'ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स' या संघटनेने. तिचा संस्थापक ए. बी. सिम्पसन हा मूळचा कॅनडातला प्रेस्बिटेरियन पाळक. न्यूयॉर्कमधील प्रतिष्ठित मंडळीची नोकरी १८८१ मध्ये सोडून तो तिथल्या गरीब स्थलांतरितांत काम करू लागला, आणि १८८७ मध्ये त्याने या संघटनेचा पाया घातला. वऱ्हाडात तिचे केंद्र अकोला हे होते, आणि मार्कस फुलर व त्यांची पत्नी जेनी फुलर हे तिथले प्रमुख कार्यकर्ते होते. जेनी फुलर यांचे हिंदी स्त्रीच्या दुःस्थितीवरचे इंग्रजी पुस्तक १९०० मध्ये प्रसिद्ध झाले. त्याला प्रस्तावना पंडिता रमाबाईंची होती.

या संघटनेची एक विचारसरणी होती, आणि ती समजून घेतल्याशिवाय पुढचा इतिहास कळत नाही. ख्रिस्ताचे पुनरागमन जवळ आले आहे, तत्पूर्वी पृथ्वीवरील प्रत्येक जमातीपर्यंत शुभवर्तमान पोचले पाहिजे, अशी सिम्पसनची श्रद्धा होती. ज्याला घाई असते तो शाळा-कॉलेजे बांधीत बसत नाही. स्कॉटिश मिशनने मुंबई-नागपुरात मोठमोठी विद्यालये उभारली आणि अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगर भागात खेडोपाडी शाळा काढल्या. अलायन्सचा भर मात्र गावोगाव फिरून प्रचार करण्यावर होता. म्हणजे मुलांचे संगोपन हे त्यांच्या मूळ योजनेत मध्यवर्ती नव्हते. ते त्यांच्या दारात आणून टाकले दुष्काळाने.

३

१८९६-९७ चा दुष्काळ आणि लगेच पाठोपाठ १८९९-१९०० चा दुष्काळ. दुसऱ्याला विक्रम संवत १९५६ वरून गुजरातेत व खानदेशात 'छप्पन्या' हे नाव पडले. १८९१ च्या शिरगणतीत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २९ लाख होती. १९०१ मध्ये ती २७ लाख ५४ हजारांवर आली. दहा वर्षांत वाढ तर नाहीच, उलट सुमारे पाच टक्के घट. यात किती माणसे मेली आणि किती देशोधडीला लागली याचा हिशेब वेगळा. पण मेलेल्यांत जमीन नसलेले, मजुरीवर जगणारे लोक आघाडीला होते, हे सांगायला शिरगणती लागत नाही. आगगाडी होती, धान्यही येत होते. पण हाताला काम नव्हते आणि खिशात दाम नव्हता. दुष्काळात गावची नदी आटली की सवर्णांना विहीर उरते. आम्हाला विहीरही नव्हती. म्हणजे एकाच दुष्काळात आमचे दोन दुष्काळ होते.

सरकारची दुष्काळी कामे निघाली. खडी फोडणारी आईबापे तिथेच पटकीने मरत आणि पोरे मागे राहत. ही पोरे कोणाची?

या प्रश्नाला पहिले ठसठशीत उत्तर दिले पंडिता रमाबाईंनी. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात रमाबाईंचे स्वतःचे आईवडील आणि बहीण अन्नान्न करीत गेले होते. १८९६-९७ मध्ये त्या मध्यप्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन परतल्या. केडगावचे मुक्ती मिशन त्यातून उभे राहिले आणि छप्पनच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. मुलग्यांसाठी अल्बर्ट नॉर्टन यांनी दौंडला वसतिगृह काढले. वऱ्हाडात अलायन्सने मुलग्यांना अकोल्याला आणि मुलींना खामगावला ठेवले. कापसाच्या बाजारासाठी ज्या गावी व्हाइसरॉय आला होता, त्याच गावी तीस वर्षांनी अनाथ मुलींचे मिशन भरले, हा योगायोग मला फार बोलका वाटतो.

या कामाला पैसा कुठून आला? अमेरिकेतल्या 'ख्रिश्चन हेरल्ड' या साप्ताहिकाने दुष्काळ निधी उभारला. मे १९०० मध्ये 'क्विटो' नावाचे जहाज सुमारे दोन लाख बुशेल मका घेऊन न्यूयॉर्कहून मुंबईकडे निघाले. वर्षाला १५ डॉलर द्या आणि एक अनाथ मूल पोसा, असे आवाहन त्या साप्ताहिकाने केले. कुठल्याशा अमेरिकन खेड्यातल्या शेतकऱ्याने, शाळामास्तरणीने, रविवारच्या शाळेतल्या पोरांनी पैसा-पैसा जमवून पाठवला. त्यांच्याबद्दल कृतघ्न होण्याचे कारण नाही. आमच्या गावातल्या कोठारांना कुलपे होती तेव्हा हा मका समुद्र ओलांडून आला. कुलपे लावणाऱ्यांनी नंतर मका पाठवणाऱ्यांच्या हेतूबद्दल शंका घ्यावी, हे मात्र गमतीचे आहे.

तथापि हेतूचा प्रश्न उरतोच. ज्याने १५ डॉलर पाठवले त्याला मुलाची काही खूण हवी असते. त्याला नाव कळवावे लागते, प्रगती कळवावी लागते, आणि प्रगती म्हणजे काय? बाप्तिस्मा ही प्रगतीची सर्वांत दिसणारी खूण. अशा रीतीने उपाशी पोर हे कोणाच्या तरी श्रद्धेचा पुरावा होऊन बसते. हा दोष एका माणसाचा नव्हे. दानावर चालणाऱ्या प्रत्येक सेवेत तो असतो, आणि आजही असतो.

४

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. मिशन अनाथ मुले नेत आहे याची वार्ता पसरताच हिंदू समाजातील पुढारी जागे झाले. लाला लजपतराय यांनी १८९७ पासून हिंदू अनाथांना वाचवण्याची चळवळ सुरू केली, आर्य समाजाची अनाथालये निघाली, आणि १९०१ च्या दुष्काळ आयोगापुढे लजपतरायांनी या प्रश्नावर साक्षही दिली. मूल आधी त्याच्या स्वधर्मीयांच्या हाती द्यावे, मिशनच्या नव्हे, असा हा आग्रह होता.

हे काम मोठे होते, हे मान्य. पण आम्हाला एक प्रश्न विचारण्याचा हक्क आहे. महार-मांगाचे पोर जिवंत असताना देवळाच्या पायरीवर, विहिरीच्या काठावर, शाळेच्या ओट्यावर हिंदू नव्हते. ते मरायला टेकले तेव्हाच ते हिंदू कसे झाले? मिशन आत्मे मोजीत होते आणि समाजसुधारक डोकी मोजीत होते. दोन्ही वह्यांत आमच्या पोरांची नोंद झाली, पण दोन्ही वह्यांत त्यांच्या तोंडचा एक शब्द नाही.

हे मिशनकार्य इतरांना मात्र पुष्कळ शिकवून गेले. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी मुंबईत जी संस्था काढली, तिचे नावच मुळी 'डिप्रेस्ड क्लासेस मिशन' असे ठेवले. शाळा, वसतिगृह, उद्योगशिक्षण हा आराखडा मिशनांनी आधी घालून दिलेला होता. त्याही मागे गेलो तर १८५५ मध्ये जोतीराव फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांग मुलीचा निबंध छापला तो 'ज्ञानोदया'ने, म्हणजे मिशनच्याच पत्राने. अस्पृश्य मुलीच्या अक्षराला पहिली छापील जागा मिळाली ती तिथे, हे विसरून चालणार नाही. आणि लक्षात घ्या, मुक्ता मिशनची अनाथ नव्हती, तिने धर्म बदलला नव्हता. ती कोणाच्या हाकेला ओ देत नव्हती. ती स्वतः हाक मारीत होती.

५

येथे घरातली एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. मी आजवर सभासंमेलनांतून 'आमच्या घराण्यात अक्षर ओळखणारा मी पहिला' असे अभिमानाने सांगत आलो. पदवीपुरते ते खरे आहे. अक्षरापुरते खरे नाही, हे मला आजीने तिच्या शेवटच्या आजारपणात सांगितले.

आजीची एक आत्या होती. मोठ्या दुष्काळात तिचे आईबाप खडीच्या कामावर गेले. पोरगी सात-आठ वर्षांची, भाऊ अंगावरचा. बाप तिथेच मेला. आईने पोरीला मिशनच्या माणसांच्या हवाली केले आणि तान्ह्याला घेऊन ती मेहकरकडच्या गावी परत आली. आजी म्हणायची, "मायनं इकली नाई तिले, देली. जगंल म्हून देली." या 'इकली' आणि 'देली' मधला फरक आजीला फार महत्त्वाचा वाटे. तिने तो मला तीनदा सांगितला.

बऱ्याच वर्षांनी, भाऊ बाप्या झाला तेव्हा, पांढऱ्या लुगड्यातली एक बाई महारवाड्याच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. काखेत पुस्तक होते. ती मिशनची बायबलबाई झाली होती. नाव पालटले होते. भावाने तिला ओळखले नाही. तिने आईचे नाव सांगितले, कपाळावरच्या जखमेची खूण दाखवली, तेव्हा ओळख पटली. लोक जमले. तिने येशूची गोष्ट सांगितली. कोणी ऐकली, कोणी हसले. मग भावाने घरातून एक कागद आणला. सावकाराचा तो कागद वर्षभर आढ्याला खोचलेला होता. गावात तो वाचून देणारे जे होते ते सगळे सावकाराच्या ओसरीवर बसणारे. बहिणीने तो उभ्या उभ्या वाचला आणि त्यात आकडा किती आहे ते सांगितले. सांगितला गेला होता त्याच्या दुप्पट निघाला.

आजी सांगे, त्या दिवशी महारवाडा गप्प झाला. येशूच्या गोष्टीने झाला नव्हता तो त्या आकड्याने झाला.

ती बाई संध्याकाळी निघून गेली. पुन्हा एकदोनदा आली म्हणतात. तिच्या हातचे भावाने खाल्ले, पण भावकीने कुरकुर केली. बाटलेली म्हणून आपल्याच लोकांनी तिला दूर बसवले. ज्यांना सारे गाव दूर बसवीत होते त्यांनी! हे लिहिताना लाज वाटते, पण इतिहास लिहायचा तर तो स्वतःच्या वाड्यापासून लिहावा लागतो.

काही वर्षांपूर्वी मी एका गावच्या चर्चमधल्या वृद्ध वडिलांना भेटलो आणि जुनी नोंदवही पाहायला मागितली. त्यांनी ती पंच्यातून सोडून प्रेमाने पुढे ठेवली. रूथ, मार्था, एस्तेर, रिबेका अशी ओळीने नावे होती. गावाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी रेघ. जातीच्या जागी काहीच नाही. त्यातली माझ्या आजीची आत्या कोणती ते मला ओळखता आले नाही. प्रथम मला राग आला : हिची जात पुसली, गाव पुसले, आईने ठेवलेले नाव पुसले. मग असे वाटले की जातीचा रकाना कोरा असणे हा पहिलाच असा कागद मी पाहतो आहे. माझ्या स्वतःच्या शाळेच्या दाखल्यावर तो रकाना कधी कोरा नव्हता. त्या कोऱ्या जागेला मुक्ती म्हणावे की तुटलेपण? मला वाटते, ती दोन्ही होती.

६

वऱ्हाडातील ख्रिस्ती समाज लहान राहिला. अहमदनगर भागाशी तुलना केली म्हणजे कारण ध्यानात येते. नगरकडे १८७६-७७ च्या दुष्काळानंतर महार व मांग वस्त्यांतील लोक मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाले. ते आपल्या वाड्यातच राहिले, नातीगोती टिकली, सणवार बदलले तरी सोयरीक पुरती तुटली नाही. तिथे समाज गेला. बुलढाणा-अकोल्याकडे एकेकटी पोरे गेली, तीही आईबापाविना. ती आगगाडीच्या गावांतल्या मिशनच्या आवारात वाढली, त्यांची लग्ने तिथेच जुळली, त्यांना कामे मिळाली तीही बहुधा मिशनचीच. आवाराच्या भिंतीने त्यांचे रक्षण केले आणि त्याच भिंतीने त्यांना अलग केले. दुष्काळ सरला, मुले मोठी झाली, अनाथालये ओसरली. ज्या संघटनेची मूळ धारणा संस्था उभारण्याची नव्हती तिने मागे प्रार्थनामंदिरे, थोडी शिक्षणाची सोय आणि एक लहान समाज ठेवला.

या लोकांना 'भाकरीचे ख्रिस्ती' म्हणण्याची प्रथा आहे. हा आरोप तपासून पाहू. भाकरीसाठी जो जातो तो भाकरीची सोय झाली की परततो. दुष्काळ एक-दोन वर्षांचा होता; यांतले पुष्कळ जण जन्मभर राहिले. बायबलबाई उन्हातान्हात खेडी तुडवीत हिंडल्या, दगड खाल्ले, सवर्णांच्या शिव्या खाल्ल्या, आपल्या लोकांचा दुरावा खाल्ला. तुटपुंज्या पगारासाठी एवढे कोणी करीत नाही. पोरवयात त्यांना कोणी विचारले नव्हते, हे खरे. पण मोठेपणी त्यांनी जी ओ दिली ती त्यांची स्वतःची होती. आपण ख्रिस्ती असो वा नसो, ही ओ खरी मानण्याइतका मोठेपणा आपल्याकडे असला पाहिजे. नाहीतर आपल्या धर्मांतराला 'सवलतीचे बौद्ध' म्हणून हिणवणाऱ्यांत आणि आपल्यात फरक काय?

७

बाबासाहेबांनी या प्रश्नाचा विचार फार आधी केला होता. १९३५ च्या येवले घोषणेनंतर सर्व धर्मांचे लोक त्यांच्या दाराशी आले, ख्रिस्ती मिशनरीही आले. १ जानेवारी १९३८ रोजी सोलापूरला ख्रिस्ती बांधवांपुढे बोलताना त्यांनी येशूबद्दल आदर व्यक्त केला, मिशनच्या शाळा-दवाखान्यांचे श्रेय दिले, आणि सरळ विचारले की तुमच्यातले शिकलेले लोक आपल्या मागासलेल्या बांधवांच्या सामाजिक हक्कांसाठी कधी लढले काय? पुढे त्यांच्या मागे राहिलेल्या हस्तलिखितांतून, १९८९ मध्ये प्रकाशित झालेल्या पाचव्या खंडात, अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावरचे त्यांचे दोन निबंध वाचायला मिळाले. मिशनांनी उच्चशिक्षणाचा पैसा बव्हंशी सवर्णांवर खर्च केला आणि चर्चमध्ये शिरलेली जात निपटून काढली नाही, हा त्यांच्या टीकेचा गाभा आहे.

माझ्या मते फरक येथे आहे. मिशनने एकेकट्या मुलाला उचलले. बाबासाहेबांनी समाजाला उभे केले. ३१ मे १९३६ रोजी मुंबईच्या महार परिषदेत त्यांनी धर्मांतराची चर्चा केली ती भुकेल्यांपुढे भाकरी धरून नव्हे, तर युक्तिवाद मांडून, समोरच्याला विचार करायला लावून. त्यानंतर वीस वर्षे थांबले. ज्याला हाक ऐकून 'नको' म्हणण्याची मुभा आहे त्याच्याच ओ देण्याला अर्थ असतो.

१९५६ साली तर इतिहासाने एक विलक्षण प्रसंग घडवून आणला. बुलढाणा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेश राज्यात होता आणि नागपूर ही त्याची राजधानी होती. त्या सरकारने १९५४ मध्ये ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करण्यासाठी निवृत्त सरन्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने चौदा जिल्हे पालथे घातले. १९५६ मध्ये अहवाल आला : परकीय पैशाच्या जोरावर अज्ञानी लोकांची धर्मांतरे होतात, त्यांना आळा घाला. आणि त्याच वर्षी, त्याच राजधानीत, १४ ऑक्टोबरला लाखो 'अज्ञानी' लोकांनी परकीय पैशाचा एक छदामही न घेता धर्मांतर केले. स्वतःच्या खर्चाने आले, पांढरी वस्त्रे नेसून आले, भाकरी बांधून आले. खुद्द नियोगींनीही त्या समारंभात बौद्ध धम्म स्वीकारला. गरीब माणूस स्वतःच्या बुद्धीने धर्म निवडू शकतो, याचे याहून मोठे उत्तर कोणत्या अहवालाने द्यावे?

मात्र राज्यसत्तेने दोन्ही ओ देणाऱ्यांना दंड केला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये त्यात शीख आले. महाराष्ट्रात राज्यापुरत्या सवलती मिळाल्या तरी बौद्धांना केंद्राच्या पातळीवर १९९० पर्यंत थांबावे लागले. दलित ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. २००७ मध्ये न्यायमूर्ती रंगनाथ मिश्रा आयोगाने हा दर्जा धर्मापासून वेगळा करा असे सुचवले. २०२२ मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन आयोग नेमला गेला. चौतीस वर्षे आपण ज्या दारात उभे होतो, त्याच दारात ते उभे आहेत. आपण आत गेल्यावर मागे वळून पाहिले काय, हा प्रश्न मी स्वतःसकट सर्वांना विचारतो.

८

शेवटी पुन्हा मुलांकडे येतो. लहानपणी मी काही महिने एका मिशनच्या आवारात रविवारच्या शाळेला जात असे. ओढ होती ती रंगीत चित्रांच्या पत्त्यांची. तिथे शमुवेलाची गोष्ट ऐकली. आईने देवाला वाहिलेला पोर मंदिरात झोपलेला असतो. रात्री त्याला हाक येते. त्याला वाटते, म्हाताऱ्या एली याजकानेच बोलावले. तो उठून त्याच्याकडे धावतो. तीनदा धावतो. एली म्हणतो, मी नाही बोलावले, जा, निज. शेवटी म्हाताऱ्याच्या ध्यानात येते की पोराला हाक दुसऱ्याच कोणाची आली आहे.

त्या वेळी मला गोष्टीपेक्षा सांगणाऱ्या बाईंचा आवाज आवडला होता. कारण त्या मला नावाने हाक मारीत. दिवसाच्या शाळेत मला आडनावाने आणि आडनावामागच्या जातीने हाक मारली जाई. आज तीच गोष्ट मला वेगळी दिसते. एलीचा मोठेपणा असा की पोर धावत आले असता तो 'मीच बोलावले' म्हणाला नाही. दुष्काळातल्या मुलांच्या वाट्याला असे एली थोडे आले. जो तो म्हणत होता, मीच बोलावले, हे पोर माझे.

ही कसोटी केवळ मिशनला लावून भागणार नाही. आज आपल्या विहारांतून बालसंस्कार वर्ग चालतात, शिबिरे भरतात, पोरांकडून घोषणा पाठ करून घेतल्या जातात. ते वाईट नाही. पण त्या पोरांना प्रश्न विचारता येतो काय? 'नको' म्हणता येते काय? बाविसाव्या प्रतिज्ञेपर्यंत पोचायला बाबासाहेबांना आयुष्यभराचा विचार लागला. आपण ती पोरांना एका रविवारात पाठ करायला लावतो.

बुलढाणा जिल्ह्यातील आपल्या वाचकांना एक विनंती आहे. आपल्या घराण्यातून अशी एखादी मुलगी, एखादा मुलगा मिशनात गेल्याची आठवण सांगणारे कोणी म्हातारे माणूस असेल तर ती आठवण आजच लिहून ठेवा. चर्चमधील बंधुभगिनींनीही जुन्या नोंदवह्या वाळवीच्या तोंडी जाण्याआधी उतरवून घ्याव्यात. त्यांच्या वहीत गावाच्या जागी रेघ आहे, आपल्या वंशावळीत त्या पोरीच्या जागी रेघ आहे. दोन्ही कागद शेजारी ठेवले तर काही रेघा भरून निघतील.

मी माझ्यापुरते एक केले आहे. 'घराण्यातला पहिला शिकलेला' असे सांगणे बंद केले आहे. आता सांगतो, माझ्या आधी ऐंशी वर्षे एक बाई शिकली होती. तिने महारवाड्याच्या तोंडाशी उभे राहून सावकाराचा कागद वाचला होता.